जुन्या पद्मिनीच्या रेडिएटरमधून गंजाचं तांबडं पाणी येतंय, नुसतं फ्लश करून भागेल का?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी, बाबांची १९८९ ची प्रीमियर पद्मिनी आहे, पेट्रोल, पहिल्यापासून आमच्याच घरात. गेली चार वर्षं सांगलीत पडवीत उभी होती, मी महिन्यातनं एकदा चालू करून कॉलनीत चक्कर मारायचे तेवढंच. बाबांना आता गुडघ्यांमुळे क्लच दाबवत नाही पण त्यांची फार इच्छा आहे की एकदा याच गाडीतनं रत्नागिरीला आत्याकडे जायचं, म्हणजे आंबा घाट उतरायचा आणि येताना चढायचा, म्हणून मी गाडी मनावर घेतलीये.

ब्रेक, टायर, कार्बोरेटर सगळं झालंय, गाडी एका सेल्फला चालू होते. प्रॉब्लेम गरम होण्याचा आहे. गेल्या रविवारी मिरजेला गेले, जाताना काटा मधोमध होता, येताना रेल्वे फाटकाला दहा मिनिटं थांबले तर काटा पार लाल पट्टीला टेकला आणि ओव्हरफ्लोच्या नळीतनं वाफ यायला लागली. बाजूला घेऊन बॉनेट उघडून तासभर थांबले. गार झाल्यावर कॅप काढली तर आत अक्षरशः चहासारखं पाणी, वर तांबडी साय, आणि कॅपच्या रबराला बोट लावलं तर तांबडा चिखल. कॅपच्या आतला रबर पण कडक होऊन तडकलाय.

बाबांना विचारलं तर ते म्हणाले आपण कायम बोअरचंच पाणी टाकत आलोय, कुलंट कधी टाकलंच नाही, त्या काळी कोण टाकायचं. इथल्या एका गॅरेजमध्ये दाखवलं, ते म्हणाले ॲसिड टाकून धुवून देतो, अर्ध्या तासाचं काम. मला भीती वाटली म्हणून नको म्हटलं. दुसऱ्याने सांगितलं रेडिएटर बदलून टाका, अल्युमिनियमचा बसवू.

माझे प्रश्न असे: नुसतं पाण्याने फ्लश करून नवीन कुलंट टाकलं तर चालेल का? हिरवं घ्यायचं की लाल? आणि इतक्या वर्षांचा गंज निघाल्यावर आतून कुठं भोक पडून गळायला लागेल का, ही सगळ्यात मोठी धास्ती आहे. तीन आठवडे हातात आहेत. जमेल तेवढं मी स्वतः करणार आहे, पाना धरता येतो.

घाटवळण:

ताई, आमच्या जीपला हाच त्रास होता, मिस्त्रीने थर्मोस्टॅटचा वॉल (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून फेकून दिला, तेव्हापासून काटा कधी वर गेला नाही. शंभर रुपयांचं पण काम नाही. पाणी बदला आणि वॉल काढा. रेडिएटर थोडा गळत असेल तर चमचाभर हळद टाका, आमचे ट्रकवाले हेच करतात, घरापर्यंत पोचवते.

डाखवाले काका:

ताई, हळद टाकू नका आणि वॉल पण काढू नका, हात जोडून सांगतो. माझं रेडिएटरचं काम आहे, साताऱ्यात, तीस वर्षं डाख देतोय. वरच्या भाऊंचा हेतू चांगला आहे आणि रात्री घाटात अडकलेल्या ट्रकला हळदीने घरी पोचवलंय हे खरं, मीपण बघितलंय. पण ती हळद भोकावर बसते तशी चांगल्या नळ्यांत पण बसते. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या रेडिएटरची वरची टाकी उघडली की निम्म्या नळ्या पिवळ्या-तांबड्या लगद्याने बंद असतात. मग गाडी सरळ रस्त्याला ठीक चालते आणि उभी राहिली की तापते. तुमचं फाटकावर नेमकं हेच झालं. धावताना वारा मिळतो म्हणून अर्धा रेडिएटर पुरतो, थांबल्यावर नुसत्या पंख्याच्या जिवावर पुरत नाही.

वॉल काढल्याने काटा खाली दिसतो पण इंजिन कायम गार चालतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये पाणी-पेट्रोल साठतं आणि पिस्टन-रिंगा लवकर झिजतात. तापायचं मूळ कारण तसंच राहतं, फक्त झाकलं जातं. घाटात ते उघडं पडणारच. नवीन वॉल आणा आणि बसवायच्या आधी पातेल्यात पाणी उकळत ठेवून दोऱ्याने लटकवून बघा, उघडतो का आणि पाणी गार झाल्यावर पूर्ण मिटतो का. वॉल नवा असला तरी बघायचा.

आता तुमच्या गाडीचं. पद्मिनीला इंजिनचा लोखंडी ब्लॉक, त्यावर झाकणासारखं अल्युमिनियमचं हेड, आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा, शिशाच्या डाखाने जोडलेला. म्हणजे चार वेगवेगळे धातू एकाच पाण्यात. तुमचा मूळ रेडिएटर असेल तर तो फेकू नका! तसं जाड तांबं आता मिळत नाही, आणि तो दुरुस्त होतो, हे त्याचं मोठेपण आहे. रेडिएटर काढून चांगल्या कारागिराकडे द्या, त्याला सांगा वरची-खालची टाकी उघडून रॉडिंग करायचंय, म्हणजे प्रत्येक नळीतनं पट्टी घालून साफ करायची, मग परत डाख देऊन पाण्याच्या हौदात बुडवून हवा भरून तपासायचं. नुसतं बाहेरून पाण्याचा फवारा मारून परत दिला तर घेऊ नका. जाळीच्या पापुद्र्यात माती आणि किडे पण खूप बसतात, ते इंजिनच्या बाजूने पुढे असे हलक्या पाण्याने काढायचे, प्रेशर वॉशरने पापुद्रे वाकतात.

रेडिएटर बाहेर असताना ब्लॉक धुवायचा. हे काम लोक करत नाहीत आणि खरा चिखल तिथंच असतो, त्यातही सगळ्यात मागच्या सिलिंडरपाशी, कारण तिथं पाणी हळू फिरतं. ब्लॉकच्या बाजूला ड्रेनचा कॉक किंवा बोल्ट असेल तो उघडा. उघडल्यावर थेंबही आला नाही तर "पाणी नाही" असं समजू नका, भोकावर गंज बसलेला असतो, बारीक तार घालून टोचा, मग भळाभळा येईल. वॉल काढून ठेवा, वरच्या होजच्या तोंडातनं बागेचा पाईप लावा आणि खालनं सोडा, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने. इंजिन पूर्ण गार असतानाच, गरम लोखंडावर गार पाणी पडलं तर हेडला तडा जातो.

भोक पडायच्या धास्तीबद्दल खरं सांगतो. ब्लॉकच्या बाजूला वाटीसारख्या गोल पत्र्याच्या टोप्या ठोकलेल्या असतात, आम्ही वॉटर प्लग म्हणतो. बोअरच्या पाण्यावर पस्तीस वर्षं काढलेल्या इंजिनमध्ये त्या आतून खाल्लेल्या असतात आणि बाहेरून फक्त एक तांबडा ओघळ दिसतो. टॉर्च लावून बघा. ओघळ असेल तर धुण्याआधीच काढा, त्याच भोकातनं चिखल खरवडून काढता येतो, आणि नव्या ठोका, शक्यतो पितळी. गंज काढल्यामुळे भोक पडत नाही, भोक आधीच पडलेलं असतं, गंजाने ते बुजवलेलं असतं. ते आंबा घाटात कळण्यापेक्षा पडवीत कळलेलं बरं.

मीठपाणी:

काकांनी कामाचं सगळं सांगितलंय, मी थोडं कारण सांगते, मी रसायनशास्त्र शिकवते आणि घरी एक १९९६ ची गाडी अजून रोज चालवते.

वेगवेगळे धातू एकमेकांना जोडलेले असतील आणि मधे क्षार असलेलं पाणी असेल तर ती एक बॅटरीच होते, त्यातला जो धातू जास्त "देणारा" असतो तो झिजतो. तुमच्या गाडीत तो अल्युमिनियम, म्हणजे हेड. हेडच्या पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्ल्या जातात, मग हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट नीट बसत नाही आणि एक दिवस पाणी सिलिंडरमध्ये जातं. लोखंड गंजतं ते डोळ्यांना दिसतं, अल्युमिनियम गुपचूप जातं. बोअरच्या पाण्यात दोन वेगळे त्रास असतात: कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे आत बादलीच्या हीटरवर बसतो तसा पांढरा थर बसतो जो उष्णता अडवतो, आणि क्लोराइड असेल तर ते अल्युमिनियमवरचं संरक्षक कवच फोडून बारीक खड्डे पाडतं.

कुलंट म्हणजे थंड करणारं काहीतरी असा समज आहे तो बरोबर नाही. गार करायचं काम पाणीच चांगलं करतं. एक ग्रॅम पाणी एक अंश तापायला ४.२ जूल घेतं, ५०-५० मिश्रण ३.४ च्या आसपास, आणि निव्वळ ग्लायकॉल, म्हणजे कुलंटमधला मुख्य द्रव, साधारण २.४. त्यामुळे "पाणी न घालता पूर्ण कुलंटच ओता" असं कोणी सांगितलं आणि बाटली कॉन्सन्ट्रेटची, म्हणजे पाणी न मिसळलेली, असली तर गाडी उलट जास्त तापेल. कुलंटचं खरं काम दोन: उकळबिंदू वाढवणं आणि गंज रोखणारी रसायनं पुरवणं. आपल्याकडे बर्फाचा प्रश्न नाही म्हणून ३३ ते ४० टक्के पुरतं, पण त्याच्या फार खाली गेलात तर गंजरोधकच कमी पडतं.

ही रसायनं वापरून संपतात. ग्लायकॉल स्वतः पण उष्णतेने आणि हवेने हळूहळू आम्ल होत जातं. चांगलं कुलंट अल्कधर्मी असतं, पीएच साधारण ८ ते ११, तो ७ च्या खाली गेला की तेच कुलंट धातू खायला लागतं. म्हणून "रंग अजून छान हिरवा आहे" याला काही अर्थ नाही, रंग म्हणजे नुसता रंग, त्याचं कुठलंही स्टँडर्ड नाही. एका कंपनीचं लाल जे असेल ते दुसरीचं हिरवं असू शकतं.

तुम्हाला घ्यायचं ते जुन्या पद्धतीचं, ज्याला आयएटी म्हणतात, सिलिकेट-फॉस्फेटवालं. ते धातूवर पटकन कवच धरतं आणि तांबं-पितळ-शिसं असलेल्या जुन्या रेडिएटरला तेच मानवतं. आयुष्य साधारण दोन वर्षं. नवीन गाड्यांचं ओएटी, म्हणजे सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं, पाच वर्षं चालतं पण ते शिशाच्या डाखाला त्रास देऊ शकतं, तुमच्या गाडीत उगाच प्रयोग नको. बाटलीवर एएसटीएम डी३३०६ किंवा जेआयएस के२२३४ असं काहीतरी स्टँडर्ड छापलेलं बघून घ्या, नुसतं "सुपर कूल" लिहिलेलं घेऊ नका. आणि दोन प्रकार एकत्र करू नका, कधीकधी जेलीसारखा गोळा होतो.

पाणी डिस्टिल्डच, बॅटरीत टाकतात ते, पेट्रोल पंपावर कॅन मिळतो. घरच्या आरओचं पाणी बरं असतं पण डिस्टिल्ड नव्हे, माझ्या टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) आमचं आरओ ६० दाखवतं आणि बॅटरीचं ३. एसीच्या नळीतनं गळणारं पाणी साठवून वापरतात काही जण, त्यात कॉइलवरची सगळी धूळ आणि बुरशी असते, ते नको.

अजून एक तपासणी फुकट होते. मल्टिमीटर असेल तर काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन रेडिएटरच्या पाण्यात बुडवा, धातूला लागू न देता. डीसी व्होल्ट बघा. मग हेडलाईट लावून बघा, मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.१ च्या आत उत्तम, ०.३ च्या वर गेलं तर काळजी. नुसतंच जास्त असेल तर पाणी खराब, पण सेल्फ मारताना उडी मारत असेल तर इंजिनची अर्थिंग खराब आहे आणि करंट पाण्यातनं वाट काढतोय. मग नवीन कुलंट टाकूनही धातू खाल्ला जाणार.

कृष्णाकाठ:

बापरे, केवढं शिकायला मिळालं, मनापासून आभार. काल संध्याकाळी मीटर लावला. नुसतं ०.२८. हेडलाईट लावल्यावर ०.३५. भावाने सेल्फ मारला तर ०.८ ला गेलं! तीनदा बघितलं, तेच. मग खाली वाकून बघितलं तर इंजिनपासून बॉडीला येणारी वेणीसारखी तांब्याची पट्टी हिरवी-पांढरी झालीये आणि अर्ध्या तारा तुटल्यात, बोल्टखाली नुसता गंज. हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं.

वॉटर प्लग पण बघितले, एकाखाली काकांनी सांगितला तसा तांबडा ओघळ आहे, अगदी तसाच.

आता दोन शंका. ब्लॉक पाण्याने धुतला, वीसेक बादल्या गेल्या असतील, तरी पाणी फिकट तांबडं येतंच आहे, तर काही रसायन वापरू का? गॅरेजवाल्यांचं ॲसिड नकोच, पण मैत्रीण म्हणाली धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून फिरव. आणि ऑइलचं कसं ओळखायचं की आधीच पाणी आत गेलंय का?

मीठपाणी:

धुण्याचा सोडा अजिबात नको, आणि कॉस्टिक तर लांबूनसुद्धा नको. अल्युमिनियम आम्लात विरघळतं तसंच तीव्र अल्कलीत पण विरघळतं. पूर्ण लोखंडी इंजिनांच्या काळात सोडा चालायचा, तुमचं हेड अल्युमिनियमचं आहे. गॅरेजवाले टाकतात ते बहुतेक संडास धुवायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते गंज पटकन काढतं आणि क्लोराइड मागे ठेवून जातं, नको म्हणालात ते फार बरं केलंत.

वापरायचंच तर सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून खडे मिळतात. लिटरला वीस-पंचवीस ग्रॅम, जास्त नाही. इंजिन चालू ठेवून गरम होऊ द्या, अर्धा तास, मग बंद करून कोमट झाल्यावर सोडून द्या, काळपट-तांबडं निघेल. आत ठेवून रात्रभर झोपायचं नाही. मग साधं पाणी, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि शेवटचे दोन वेळा डिस्टिल्ड. पहिल्या वेळी फार घाण निघाली तर पुन्हा एकदा करा, एकाच वेळी दुप्पट टाकण्यापेक्षा ते बरं. प्लग बदलून झाल्यावर आणि जुनाच रेडिएटर लावून हे करा, साफ केलेला नंतर.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कुलंटमधलं एथिलिन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड आहे. सांडलं की कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसंसुद्धा त्यांची किडनी घालवतं. तुमच्याकडे पडवीत काम चाललंय म्हणून म्हटलं, परात खाली ठेवा, सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, बाटली लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. चाटलंच तर लक्षणांची वाट न बघता लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे.

पितळीकप्पा:

मुंबईतनं लिहितोय. माझे वडील काळीपिवळी पद्मिनी चालवायचे, मी स्वतः एक पद्मिनी जपून ठेवलीये. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा फार वाईट वाटलं होतं, म्हणून असं कुणी गाडी जिवंत करतंय बघितलं की बरं वाटतं.

ऑइलचं: डिपस्टिक आणि ऑइल भरायचं झाकण बघा, कॉफीवरच्या फेसासारखी फिकट साय असेल तर संशय. पण ताई, उभ्या गाडीत फक्त दवामुळे पण झाकणाखाली थोडी साय धरते, घाबरून लगेच हेड खोलू नका. खरी खूण म्हणजे गार इंजिनवर कॅप काढून गाडी चालू करा, पाण्यात सलग बुडबुडे येत राहिले आणि रेस केल्यावर वाढले तर गॅस्केट गेलंय. चारही स्पार्क प्लग काढून बघा, एखादाच धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय.

कॅपबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कॅप नवीन घ्याच, पण जुन्या कॅपवर जो दाबाचा आकडा आहे तोच घ्या. दुकानदार नव्या गाडीची ०.९ बारची देतो आणि म्हणतो चांगलीच आहे. ०.९ वर पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं हे खरं, पण तेवढा दाब तुमच्या जुन्या डाखाला आणि हीटरच्या नळ्यांना सोसणार नाही. उलट कॅप ढिली असली तर दाब धरत नाही आणि पाणी शंभरालाच उकळतं. महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच, उंचीमुळे. तुमच्या गाडीचं रबर तडकलंय म्हणजे गेले कित्येक महिने दाब धरलाच नसणार, फाटकाला वाफ यायला तेपण कारण.

खालचा होज पाईप दाबून बघा, मऊ पडला असेल तर बदला. पंप खेचतो तेव्हा तो आत चिपकतो आणि पाणी थांबतं, हे उभ्या गाडीत दिसत नाही, रेस करून बघावं लागतं. बेल्ट पण बघा, पंखा आणि पंप त्याच्यावरच आहेत.

भरताना हिशोब असा करा. धुतल्यावर ब्लॉकमध्ये लिटर-दीड लिटर पाणी राहतंच, ते निघत नाही. तुम्ही बाहेर ५०-५० मिसळून ओतलंत तर आत ते पातळ होतं. म्हणून आधी कॉन्सन्ट्रेट जेवढं लागतं तेवढं ओता आणि मग वरनं डिस्टिल्डने भरा. गाडीचं तोंड चढावर करून उभी करा, हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा ठेवा, कॅप न लावता चालू करा, वरचा होज गरम झाला म्हणजे वॉल उघडला, मग बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा. हवा आत अडकली तर सगळी मेहनत करूनही पहिल्याच दिवशी काटा वर जाईल.

घाटवळण:

सगळ्यांचं वाचलं. मी माझ्या जीपला परत वॉल बसवून घेतो, ॲव्हरेज दोन वर्षं कमीच लागतंय, आता कारण कळलं. काका, साताऱ्यात कुठल्या भागात आहात ते मेसेजवर सांगा.

कृष्णाकाठ:

अपडेट द्यायला उशीर झाला, क्षमस्व. सगळं झालं आणि आम्ही रत्नागिरीला जाऊन पण आलो.

क्रमाने सांगते. दोन वॉटर प्लग काढले, एक तर स्क्रूड्रायव्हर टेकवल्यावरच आत गेला, पत्रा पापडासारखा झाला होता. मागच्या प्लगच्या भोकातनं जवळजवळ अर्धं भांडं चिखल निघाला, ओला काळा-तांबडा, बोटाने खरवडून. त्या चिखलाने मागचा सिलिंडर किती तापत असेल! नंतर सायट्रिकचे दोन राउंड, दुसऱ्या वेळी पाणी अगदी फिकट आलं. रेडिएटर कोल्हापूरला उद्यमनगरात एकाकडे दिला, टाकी उघडल्यावर त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं, साधारण तिसरा हिस्सा नळ्या बंद होत्या. रॉडिंग करून, डाख देऊन, माझ्यासमोर हौदात बुडवून तपासून दिला. वजन हातात घेतलं तेव्हा फरक जाणवला.

पाण्याचा पंप खोलला तर त्याच्या आतल्या पंख्याची पाती कडेने खाल्लेली, ती पण बदलली. वॉल पातेल्यात उकळून तपासला, नवीन आणलेल्यातला पहिला उघडलाच नाही, दुकानदाराने बदलून दिला, काका तुमच्यामुळे वाचले. अर्थची पट्टी नवी, बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून. आता सेल्फ मारताना मीटर ०.०६ दाखवतो.

घाटाचं सांगते. जाताना प्रश्नच नव्हता. येताना साखरप्याच्या पुढे चढ लागल्यावर माझे डोळे रस्त्यापेक्षा काट्यावर जास्त, बाबाच शेवटी म्हणाले तू समोर बघ, काटा मी बघतो. दुसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या मागे बराच वेळ चाललो, काटा मधल्या रेघेच्या बोटभर वर गेला आणि तिथंच थांबला. वर आंब्याला चहाला थांबलो, तेव्हा परत खाली आला. बाबा खिडकीतनं हात बाहेर टाकून बसले होते, पूर्वी बसायचे तसेच.

आता पुढचं विचारते: पातळी दोन दिवसांनी बघितली तर बोटभर खाली गेली होती, कुठं गळत मात्र नाही. काळजी करायची का?

डाखवाले काका:

वा ताई! बोटभर खाली गेली ती बहुतेक आत राहिलेली हवा निघाली म्हणून. तेवढं भरा, पण नुसतं पाणी नको, तुमच्या प्रमाणाचं मिश्रण एका बाटलीत करून डिकीत ठेवा, तेच टाका. पंधरा दिवस रोज सकाळी गार इंजिनवर बघा. परत परत खाली जात असेल तर पंपाच्या खालचं बारीक भोक बघा, तिथनं थेंब येत असेल तर सील बसलं नाही.

होजच्या क्लिपा पाचशे किलोमीटर झाल्या की एकदा परत आवळा, नवं रबर दबतं. आणि कुलंट टाकल्याची तारीख ऑइलपेंटने बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, दोन वर्षांनी तुमच्या लक्षात राहत नाही.